दात पडला तर दुधात, सूज आली तर दवाखान्यात

(ऊसतोडीला निघणाऱ्या सदस्यांसाठी प्रभागसंघाने आरोग्य बैठक घेतली. त्या बैठकीत दंतवैद्य ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी जवळपास जसंच्या तसं देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



अध्यक्षताईंनी मला सांगितलं, अर्धा तास बोला आणि बायकांना झोप येईल असं बोलू नका. प्रयत्न करते.

मी दातांची डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं कारखान्यांच्या पट्ट्यात गेली. म्हणजे तुम्ही दिवाळीनंतर जिथे जाता तिथेच. नोव्हेंबर लागला की आमच्या ओपीडीत केज, धारूर, पाटोद्याची बोली ऐकू यायला लागायची, आणि एप्रिलमध्ये थांबायची. त्या पाच-सहा महिन्यांत फडावरून आलेल्या बायका आणि लेकरं जे दात घेऊन यायची, त्यावरून मी आज बोलणार आहे. ब्रश कसा करायचा, मिसरी का सोडायची, हे आज नाही. मिसरीवर बोलायला लागले तर तुमच्यातल्या निम्म्या जणी उठून जातील, आणि ते भाषण वेगळं आहे. आज फक्त एवढंच की तुम्ही फडात आहात, गाव लांब, दवाखाना त्याहून लांब, आणि तोंडाला काहीतरी झालंय. तर पहिल्या तासात काय करायचं?

एक गोष्ट सांगते. एक बाई सकाळी सकाळी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. आदल्या दिवशी दुपारी पोरगा टायरगाडीवरून तोंडावर पडला होता. वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आलेला. आईने काय करावं? तिने तो दात मातीतून शोधून काढला. एवढ्या पाचटात तो तिला सापडला हेच मोठं. मग तिने तो राखेने घासून स्वच्छ केला, पांढराशुभ्र केला, कोरड्या कागदात पुडी बांधली आणि कमरेच्या पिशवीत जपून ठेवला. मला पुडी उघडून दाखवली तेव्हा दात मोत्यासारखा चमकत होता. आणि पूर्ण मेलेला होता.

मी तिला काय सांगणार? तिची चूक नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते.

दाताच्या मुळावर एक पातळ, जिवंत साल असते. डोळ्यांना दिसत नाही, पण दात हाडाला धरून ठेवणाऱ्या पेशी तिथेच असतात. दात बाहेर कोरडा पडून राहिला की अर्ध्या तासात त्या मरायला लागतात. तासाभरात बहुतेक संपतात. घासल्या तर लगेच निघून जातात. म्हणजे त्या माऊलीने प्रेमाने जी दोन कामं केली, घासणं आणि कोरडं ठेवणं, त्या दोन्हींनीच दात गेला.

मग करायचं काय? दात उचलताना पांढऱ्या बाजूने धरायचा, म्हणजे आपण चावतो त्या बाजूने. मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधाने नाहीतर स्वच्छ पाण्याने वरचेवर धुवायचा, दहा आकडे मोजेपर्यंत, बास. साबण नाही, राख नाही, पदराने पुसणं नाही. आणि पोरगं शुद्धीवर असेल, ऐकत असेल, तर तो दात जिथून पडला त्याच खड्ड्यात परत बसवायचा. हो, तुम्हीच बसवायचा. शेजारच्या दाताकडे बघा, गुळगुळीत फुगीर बाजू ओठाकडे येते. हळूच दाबा, तो आत सरकतो. मग स्वच्छ सुती कापडाची घडी करून त्यावर पोराला हलकेच दात मिटायला सांगा आणि तसंच दवाखान्यात घेऊन या. आम्ही तो शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधतो, साधारण दोन आठवडे. नंतर बहुतेक वेळा त्याची नस काढून मुळात औषध भरावं लागतं. पण दात राहतो.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आमचा हात थरथरतो, रक्त बघवत नाही. खरं आहे. नाही जमलं तर दात दुधात टाका. झाकणाची छोटी डबी, त्यात दात बुडेल एवढं दूध. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, डेअरीच्या पिशवीचं, कुठलंही. तापवून गार केलेलं असलं तरी चालतं. फक्त गरम नको, साखर घातलेलं नको, आणि ताक-दही नको, ते आंबट असतं. पाण्यात ठेवू नका. पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. दुधातला खारटपणा आपल्या अंगातल्या रसाच्या जवळचा असतो, म्हणून दुधात त्या काही तास तग धरतात. तरी दूध आहे म्हणून निवांत बसायचं नाही. अर्ध्या तासात बसवलेला दात आणि चार तासांनी बसवलेला दात यात खूप फरक पडतो.

फडात दूध कुठून आणायचं, असं मला एका मावशींनी विचारलं होतं. चहाचं दूध असतंच ना कोपीत? नसेल तर रानमालकाची वस्ती असते, गावात संकलन केंद्र असतं. तेही नसेल तर पोराला एका स्वच्छ डबीत थुंकायला लावा आणि त्या थुंकीत दात ठेवा. मोठ्या माणसाचा दात असेल तर तो स्वतःच्या गालात धरून आणू शकतो, तंबाखू थुंकून, चूळ भरून. लहान पोराच्या तोंडात मात्र सुटा दात ठेवायचा नाही, गिळेल.

आणि हे नीट ऐका. दुधाचा दात परत बसवायचा नाही. सहा वर्षांच्या आतल्या लेकराचा पुढचा दात पडला तर तो खड्ड्यात घालू नका, खालून येणाऱ्या कायमच्या दाताला इजा होते. पुढचे कायमचे दात साधारण सहा ते आठ वर्षांत येतात, खालचे आधी, वरचे मागून. तुम्हाला कळत नसेल की हा कुठला, तर बसवू नका, दुधात टाका आणि या. ओळखायचं काम आमचं.

दात सापडलाच नाही, आणि पोरगं सारखं खोकतंय, श्वासाला घरघर आहे, तर दात श्वासनळीत गेला असू शकतो. मग दातांच्या डॉक्टरकडे नाही, थेट मोठ्या दवाखान्यात. आणि जो गाडीवरून, ट्रकच्या फळीवरून मोळी घेऊन पडला, तो बेशुद्ध झाला, ओकला, कानातून रक्त आलं, तर दाताचं नावही काढू नका. आधी १०८. दात मातीत पडला, ओठ फाटला, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं, हेही सांगून ठेवते.

दाताचा नुसता तुकडा उडाला असेल तर तोही दुधात किंवा पाण्यात आणा, कधी कधी तो परत चिकटवता येतो. तुटलेल्या दाताच्या मध्ये लाल ठिपका दिसत असेल तर नस उघडी पडली आहे, त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी तरी दाखवा. बाकी, ऊस दाताने सोलू नका हे सांगून काही उपयोग नाही, मला माहीत आहे. पण ज्या दाढेत आधीच मोठी फट आहे त्या बाजूने तरी नको. माझ्याकडे आलेल्या निम्म्या फुटलेल्या दाढा कांड्यानेच फुटलेल्या असायच्या. (हे माझं मोजलेलं नाही बरं का, रागाने बोलते आहे.)

आता सुजेकडे येते. आजचं भाषण खरं तर यासाठीच आहे.

दात दुखणं आणि जबडा सुजणं हे एक नाही. दुखणं दोन दिवस थांबू शकतं. सूज थांबत नाही. आणि मधे एक फसवी वेळ येते, ती ओळखा. दाढ चार दिवस ठणकते, रात्रभर झोप नाही, आणि पाचव्या दिवशी एकदम थांबते. आपण म्हणतो, बरं झालं, देवाने ऐकलं. झालेलं असतं असं की आतली नस मेली. नस मेली म्हणून दुखायचं थांबलं. पण जंतू तिथेच आहेत आणि आता ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. काही दिवसांनी गाल सुजतो. खालच्या मागच्या दाढेचा पू जबड्याखाली, जिभेखाली, गळ्याकडे पसरू शकतो. गळ्यात एवढी सूज आली की जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बुजायला लागते. विल्हेल्म लुडविग नावाच्या एका जर्मन डॉक्टरने १८३६ साली हे लिहून ठेवलं, तेव्हापासून त्याचंच नाव या आजाराला आहे. नाव विसरलात तरी चालेल. खुणा विसरू नका.

जबड्याखाली किंवा हनुवटीखाली दोन्ही बाजूंना सूज, हाताला टणक लागणारी. तोंडात उभी दोन बोटंसुद्धा जात नाहीत एवढं तोंड बंद. थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते. आवाज बदलतो, तोंडात घास धरून बोलल्यासारखा. आडवं झालं की जीव घाबरतो, उठून बसावं लागतं. ताप, थंडी. वरच्या दाढेची सूज असेल तर डोळा मिटायला लागतो. यातली एकही खूण दिसली तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत. १०८ ला फोन करा, तो फुकट आहे, कुठल्याही मोबाईलवरून लागतो. बाईला झोपवू नका, बसवून न्या, पुढे वाकून बसू द्या. साखरेचा आजार असेल, पोटुशी असेल तर आणखी घाई.

एक ताई आमच्याकडे आल्या होत्या, तुमच्याच बाजूच्या. चार दिवस सूज होती. दवाखान्यात जाते म्हटलं तर खाडा पडतो. खाडा पडला की दोघांचाही पडतो, कारण कोयता म्हणजे जोडी. म्हणून पदर गालावर ओढून मोळ्या वाहिल्या. दाढ दुखते एवढंच मुकादमाला सांगितलं होतं, आणि दाढ कुणाची दुखत नाही? चौथ्या रात्री पाणी नाकातून परत यायला लागलं तेव्हा नवऱ्याने कुणाची तरी गाडी मागून आणलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी श्वासाची नळी घातली, मग जबड्याखाली चिरा देऊन पू काढला. नऊ दिवस राहिल्या. वाचल्या. आजही हनुवटीखाली चिऱ्याची खूण आहे, ती पदराने झाकतात. चार दिवसांचा खाडा वाचवला आणि महिनाभर कोयता बंद राहिला, उचल अंगावर फिरली ती वेगळीच. पहिल्या दिवशी आल्या असत्या तर दाढ काढून गोळ्या देऊन त्याच संध्याकाळी कोपीवर गेल्या असत्या.

म्हणून शब्द बदला. मुकादमाला, नवऱ्याला, फोनवर कुणालाही सांगताना "दाढ दुखते" म्हणू नका. म्हणा, "जबड्याखाली सूज आली आहे, गिळता येत नाही, ताप आहे." दाढदुखीला लोक हसतात. हे ऐकून कुणी हसणार नाही. आणि तुमची मैत्रीण स्वतः बोलत नसेल तर तुम्ही बोला. पदर गालावर ओढलेली बाई दिसली की जाऊन बघा.

सुजेवर काय करायचं नाही, ते पटकन सांगते. बाहेरून गरम विटेचा, तव्याचा शेक नाही. चोळणं नाही. बाभळीच्या काट्याने, सुईने फोडणं नाही. मेडिकलमधून दोन गोळ्या आणून बरं वाटलं की सोडून देणं नाही, कारण मूळ दाढेत आहे आणि दाढेचा इलाज झाल्याशिवाय ते परत येणारच. मिठाच्या कोमट पाण्याची चूळ चालते. आणि भुईरिंगणीच्या बियांचा धूर घेऊन किडे पाडणारे अजून फिरतात ना? दातात किडा नसतो, ताई. आपण ज्याला कीड म्हणतो ती जंतूंची करणी, ते साखरेचं आम्ल करतात आणि दात विरघळतो. धुराने वेळ जातो, बाकी काही होत नाही.

नुसतं दुखत असेल, सूज नाही, तर पॅरासिटामॉल ५०० ची गोळी, मोठ्या माणसाला एक, फारच असेल तर दोन, मधे सहा तासांचं अंतर ठेवून, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. लेकरांना वजनाप्रमाणे, आशाताईंना विचारून. जो रोज पितो त्याने हीसुद्धा विचारूनच घ्यावी, यकृतावर भार पडतो. किराणा दुकानात, पानटपरीवर अंगदुखीच्या गोळ्या मिळतात त्या उपाशीपोटी, उन्हात, पाणी न पिता घेऊ नका, किडनीला बाधतात. तुम्ही उन्हात किती पाणी पिता आणि लघवीला जायला जागा नाही म्हणून किती कमी पिता, ते मला माहीत आहे, म्हणून हे विशेष सांगते. गरोदर बाईने पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी डॉक्टरांना न विचारता घ्यायचीच नाही. पण गरोदर आहे म्हणून दाताचा इलाजच करायचा नाही, हेही खरं नाही. सूज असेल तर कुठल्याही महिन्यात या. लवंगेच्या तेलाचा थेंब कापसावर घेऊन दाढेच्या खड्ड्यात ठेवता येतो, हिरडीवर नको, भाजते. डोकेदुखीची गोळी कुटून हिरडीला लावतात, तीही भाजते. पांढरा पडलेला गाल घेऊन बायका यायच्या आणि आम्हाला कळायचं, हिने गोळी ठेवली होती.

दाढ काढून परत फडावर गेलात आणि रात्री रक्त यायला लागलं, तर घाबरू नका. स्वच्छ कापडाची घट्ट घडी त्याच जागी ठेवून अर्धा तास दाबून चावून धरा. मधे काढून बघायचं नाही, सारखं थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. हळद नाही, मिसरी नाही, तंबाखू नाही. उशी उंच घ्या. अर्ध्या तासाने थांबलं नाही तर परत एकदा तसंच धरा, तरीही थांबलं नाही तर दवाखाना. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते दाढ काढायच्या आधीच सांगायचं.

बैलाची लाथ, कोयत्याची मूठ लागून जबडा मोडला असेल तर वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळत नाहीत. बोलता येईना, जबडा एका बाजूला सरकलेला. हनुवटीखालून ओढणीचा आधार द्या, पण गच्च बांधू नका, उलटी आली तर सोडता आली पाहिजे. पुढे वाकवून बसवा, रक्त बाहेर गळू द्या, आणि न्या.

कुठे न्यायचं? प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुतेक दातांचा डॉक्टर नसतो. ग्रामीण रुग्णालयात कुठे असतो, कुठे नसतो. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात असतो. म्हणून कोपी ठोकली की पहिल्या आठवड्यात एवढं काम करा. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं, तिथे दातांचे डॉक्टर कुठल्या वारी असतात, गावातली आशाताई कोण, रात्री मोटरसायकल कुणाकडे मिळते, हे विचारून कागदावर लिहून कोपीच्या आत लावा. नसतील वाचता येत तर पोराकडून लिहून घ्या, त्यालाही पाठ होईल.

आणि निघायच्या आधी, म्हणजे आत्ता, हे दोन आठवडे. ज्यांच्या दाढेत खड्डा आहे, जिची दाढ मागच्या हंगामात दुखून "आपोआप" थांबली, त्यांनी जिल्हा रुग्णालयात दाखवून या. मुलांची शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यात दातही बघतात. आपली मुलं नेमकी तेव्हा फडावर असतात. म्हणून मुख्याध्यापकांना, अंगणवाडी ताईंना सांगून ठेवा, आमची लेकरं अमुक तारखेपर्यंतच गावात आहेत.

पैशांचं शेवटी बोलते. गटाचं अंतर्गत कर्ज बैठकीत मंजूर होतं, आणि हंगामात तुमची बैठकच होत नाही, निम्म्या जणी सांगलीला, निम्म्या बेळगावला. मग त्या रात्री तुम्ही मुकादमाकडेच हात पसरता. दशसूत्रीत आरोग्य आहे ना? तर निघण्यापूर्वीच्या बैठकीत ठराव घ्या आणि इतिवृत्तात लिहा, की फडावरच्या सदस्याला तातडीच्या दवाखान्यासाठी अमुक रकमेपर्यंत कर्ज अध्यक्ष आणि सचिवांनी फोनवर मंजूर करावं, खात्यावर पाठवावं, आणि पुढच्या बैठकीत नोंद घ्यावी. रक्कम तुम्ही ठरवा. दोन गटांनी हा ठराव केलाय असं तुमच्या सीआरपी ताईंनी मला सकाळी सांगितलं. बाकीच्यांना तो मसुदा त्यांच्याकडून घेता येईल.

ही डबी आता तुमच्यात फिरवते. चुन्याच्या डबीपेक्षा थोडी मोठी, झाकण घट्ट. आत मिठाची पुडी, पॅरासिटामॉलची पट्टी, जुन्या सुती धोतराच्या उकळून वाळवलेल्या चार पट्ट्या, लवंगा. रिकामी केली की त्यातच दूध आणि दात. उघडून बघा, वास घ्या, हात लावा.

मागे एक आजी हात वर करतायत. बोला आजी. वरची दाढ काढली की डोळे जातात का? नाही जात. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. वयाने नजर कमी होते आणि त्याच वयात दाढाही काढाव्या लागतात, म्हणून लोकांनी जोड लावला. तुमची कुठली दुखते? या पुढे, इथे उजेडात बसा, बघू.